मताचा रकाना

लेकीला भाऊबीजेला पोचवायला त्या खेपेस जावयाऐवजी व्याहीच आले. एका हातात कंदी पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात मोबाइल. २०२४ची दिवाळी ती. विधानसभेचा प्रचार ऐन भरात होता, गल्लीतून दर दहा मिनिटांनी रिक्षावरचा कर्णा ओरडत जायचा, त्यामुळं फराळाच्या ताटावर राजकारण येणार हे ठरलेलंच होतं. पण व्याह्यांनी विधानसभा बाजूला ठेवून एकदम दिल्लीच काढली. मोबाइल माझ्यापुढं सरकवला. कुणीतरी पाठवलेला तक्ता होता: मागच्या लोकसभेत कुणी किती प्रश्न विचारले, किती दिवस हजर राहिले, किती वेळा बोलले.

"बगा पाव्हणं," चकली मोडत ते म्हणाले, "आमचं सातारा कुठं हाय आन् तुमची सांगली कुठं हाय."

सांगली कुठं होती ते इथं सांगत नाही. माझं लक्ष दुसरीकडंच गेलं होतं. २०१९च्या मे महिन्यात साताऱ्यातून उदयनराजे भोसले निवडून आले, सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरातल्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील आले. भर पावसातली ती पवारांची सभा कुणी विसरलेलं नसेल. म्हणजे खातं एक आणि खातेदार दोन. मग या तक्त्यातला साताऱ्याचा आकडा नक्की कुणाच्या नावचा? आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचा? व्याह्यांना विचारलं.

"आता ते मला काय ठावं? आकडा हाय न्हवं?"

आमच्या दोघांतला हा जुनाच फरक. ते निवृत्त पीटी मास्तर, सामना बघायला उशीर झाला तर आधी स्कोअर विचारणारे. मी अडतीवरचा दिवाणजी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी अडतीस वर्षं किर्द-खतावणी लिहिली. माझ्या आधी वडिलांनी त्याच गादीवर बसून लिहिली, तेव्हा राजापुरी हळद हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांतून निघून यार्डात यायची. वडिलांचे दोन नियम होते. एक, आकड्याला बाप पाहिजे. तो कुठल्या चिठ्ठीवरून आला ते दाखवता आलं पाहिजे. आणि दुसरा, वहीत रकाना मोकळा सोडायचा नाही. काही नसेल तर शून्य घाल, रेघ मार, पण मोकळा सोडू नकोस, कारण मोकळ्या रकान्यात उद्या कुणीही येऊन काहीही लिहितं.

पाडव्याला पूजा केलेली एक कोरी वही देव्हाऱ्यापाशी पडून होती. दुकानातून निवृत्त झालो तरी दर दिवाळीला एक आणतो, सवय. लाल कापडी पुठ्ठा, आत पिवळसर पान. व्याही गेले त्या रात्री ती काढली, पहिल्या पानावर 'श्री' घातलं आणि पट्टीनं रकाने आखले. तारीख. हजेरी. प्रश्न. चर्चा. शेवटचा सगळ्यात रुंद ठेवला: मत. २५ नोव्हेंबरपासून हिवाळी अधिवेशन होतं.

आमची ही म्हणाली, "अहो, पगार कोण देणार याचा?"

मताचा रकाना रुंद का ठेवला ते सांगतो. २०२० साली केंद्राचे शेतीचे कायदे आले. त्यातला एक थेट आमच्या पोटावर होता: बाजार समितीच्या आवाराबाहेर शेतमालाचा व्यापार खुला. यार्डात दोन तट पडले. काही अडते म्हणायचे धंदा बसला, काही शेतकरी म्हणायचे बरं झालं, एकदाची सुटका. मला कुठलीच बाजू पुरती पटत नव्हती, अजूनही नाही. पण एक साधी गोष्ट बघायची होती, आपल्या जिल्ह्याच्या माणसानं हात कुणीकडं वर केला ती. १७ सप्टेंबरला लोकसभेत ते विधेयक मंजूर झालं. नातवाला बसवून सगळं धुंडाळलं. भाषणं सापडली, कोण बोललं ते सापडलं, मत कुणाचंच नाही. २० तारखेला राज्यसभेत विरोधकांनी मतविभाजन मागितलं, गोंधळ झाला, मतविभाजन झालं नाही, तिथंही आवाजीच. पुढं वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ला तेच कायदे रद्द झाले, तेही आवाजी मतानं, चर्चेविना. कायदा आला आणि गेला, आणि लोकसभेत त्यावर एकाही खासदाराच्या नावापुढं हो किंवा नाही लिहिलेलं नाही.

आमच्या यार्डातही सौदा ओरडूनच होतो. हळदीचा ढीग, भोवती खरेदीदार, आवाजावर आवाज. नवख्या माणसाला वाटेल, यात कुणाला काय कळतंय. पण सौदा तुटला की संध्याकाळी हिशोबपट्टी निघते, आणि पट्टीवर नाव असतं. घेणारा कोण, देणारा कोण, किती क्विंटल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती. ओरडणं विरून जातं, पट्टी राहते. लोकसभेत ओरडणं आहे. अध्यक्ष विचारतात, बाजूनं असतील त्यांनी 'हां' म्हणावं, विरोधात असतील त्यांनी 'ना' म्हणावं, मग ज्या बाजूचा आवाज जास्त वाटला ती जिंकली असं जाहीर करतात. बहुतेक विधेयकं अशीच मंजूर होतात. पट्टी निघतच नाही.

नियमात सोय आहे. कुणाही सदस्यानं अध्यक्षांचा निर्णय मानला नाही तर मतविभाजन घ्यावं लागतं. लॉबी मोकळी करायला सांगतात, घंटा वाजते, साडेतीन मिनिटं थांबतात, दारं बंद होतात आणि बटणं दाबली जातात: हिरवं बाजूनं, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. ही झाली नावानिशी नोंद. पण त्याच नियमात एक पळवाट आहे. मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना नुसतं जागेवर उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात, आणि तेव्हा नावं लिहिली जात नाहीत. बाजारात जनावरं मोजतात तशी मोजणी. हे वाचलं त्या दिवशी दुपारचा चहा गोड लागला नाही.

तर हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि मी रोज संध्याकाळी वही घेऊन बसू लागलो. तारीख भरायची, प्रश्न भरायचे, चर्चा भरायची आणि शेवटच्या रकान्याशी पेन थांबायचं. वडिलांचा नियम, मोकळा सोडायचा नाही. शून्य लिहावं तर मत दिलंच नाही असा अर्थ होतो. रेघ मारावी तर विषयच नव्हता असा. शेवटी 'आवाजी' लिहायला लागलो आणि मग कंटाळून नुसतं 'आ.' अधिवेशनं उलटत गेली तसा सगळा रकाना वरपासून खालपर्यंत आ, आ, आ. लांबून पान बघितलं तर रांगेनं सगळ्यांनी आ वासल्यासारखं दिसतं. २०२५च्या ऑगस्टात ऑनलाइन गेमिंगचं विधेयक एका दिवसात मांडलं आणि त्याच दिवशी लोकसभेत मंजूर झालं, २० तारखेला, घोषणांच्या गदारोळात. त्या दिवशीचा 'आ' मी जरा मोठा काढलाय.

मधूनच एखाद्या दिवशी नावं येतात. घटनादुरुस्तीला ती यावीच लागतात, कारण तिथं सभागृहाच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश, अशी दुहेरी अट आहे. ती आवाजावर मोजता येत नाही. महिला आरक्षणाचं विधेयक २० सप्टेंबर २०२३ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं, त्यातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं. माझ्या वहीच्या काळात पहिलं मतविभाजन आलं ते १७ डिसेंबर २०२४ला. एक देश एक निवडणूक. विधेयक नुसतं मांडू द्यायचं की नाही यावरच मतदान झालं. नव्या इमारतीतलं बटणं दाबून झालेलं ते पहिलंच मतविभाजन. फळ्यावर आकडा आला: बाजूनं २२०, विरोधात १४९. ज्यांचं बटण दाबलं गेलं नाही किंवा चुकलं त्यांनी चिठ्ठ्या दिल्या. त्या मोजून अंतिम आकडा झाला २६९ आणि १९८.

आता गंमत बघा. २६९ मधून २२० गेले, ४९. १९८ मधून १४९ गेले, पुन्हा ४९. दोन्ही बाजूंना नेमकी तेवढीच वाढ, फरक आधीही ७१ आणि नंतरही ७१. व्याह्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग काय झालं?" काही झालं नाही. पण अडतीस वर्षं तेरीज जुळवणाऱ्या माणसाला अशा वेळी काय होतं ते दुसऱ्याला नाही कळायचं.

आणखी एक आवडलं. मतविभाजनाचा आकडा वाचताना अध्यक्ष आधी म्हणतात, दुरुस्तीच्या अधीन राहून निकाल असा आहे. आमच्याकडं पट्टीच्या तळाला लिहितात तेच हे, चूकभूल द्यावी घ्यावी. एवढ्या मोठ्या सभागृहाला ते म्हणावंसं वाटतं, बरं वाटलं.

पुढं २ एप्रिल २०२५ला वक्फ दुरुस्ती विधेयक आलं. दिवसभर चर्चा चालली, जेवणं झाली, हिनं अंथरूण घातलं, तरी संपेना. मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान. बाजूनं २८८, विरोधात २३२. मी दिवाणखान्यात टीव्हीचा आवाज बंद करून बसलेलो. आकडा वहीत टिपला, पण माझ्या कामाचा आकडा तो नव्हताच, मला नाव हवं होतं. ते मिळतं नंतर, कामकाजाच्या छापील वृत्तान्तात, लांबलचक यादीत. तिथं पाटलांची एक रांगच आहे. चष्मा नाकावर ओढून बोट सरकवत गेलो की सापडतं आपलं माणूस. सापडलं. त्या दिवशी 'आ.'च्या जागी नीट अक्षर पडलं.

पण हे अक्षर तरी कुणाचं? १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदी आली. तेव्हापासून पक्षादेश मोडून मत दिलं, किंवा न सांगता गैरहजर राहिलं, तर खासदारकी जाऊ शकते. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर वेगळी गोष्ट. तीन ओळींचा व्हिप, म्हणजे सगळ्यात कडक पक्षादेश, निघाला की विचार करायचं काम उरत नाही. मत पक्षाचं, बोट खासदाराचं. पक्ष आपल्या माणसांची वही माझ्यापेक्षा चोख ठेवतात. १७ डिसेंबरला जे गैरहजर राहिले त्यांना त्यांच्याच पक्षाकडून नोटिसा जाणार अशा बातम्या दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या. मला त्यांच्या गैरहजेरीचा पत्ता लागायला कित्येक आठवडे लागले असते.

इथं आमची सांगली जरा निराळी पडते. २०२४ला महाराष्ट्राच्या ४८ जागांत एकच अपक्ष निवडून आला, तो सांगलीतून. विशाल पाटील यांनी निवडून आल्यावर काँग्रेसला पाठिंबा दिला, पण कायद्याच्या हिशोबात अपक्ष तो अपक्ष. त्याला पक्षादेश लागू नाही. उलट रीतसर कुठल्या पक्षात शिरला तर जागा जाते. म्हणजे पक्षवाल्याच्या खात्यात जे मत पक्षाच्या नावे टाकावं लागतं, ते आमच्याकडं थेट माणसाच्या नावे टाकता येतं. ते मत कुणीकडं पडलं हे मी इथं लिहीत नाही, यादीत आहे, ज्याला बघायचंय त्यानं बघावं. मला आनंद इतकाच की एका तरी रकान्याला बाप आहे.

हजेरीचं फार लांबवत नाही. सदस्यानं हजेरी लावली की तो दिवस हजर. सकाळी अकराला हजेरी लावून बाराला विमानतळ गाठला तरी हजर, आणि रात्री बारापर्यंत बाकावर बसला तरी तेवढाच हजर. दिवसाचा भत्ता २,५०० रुपये, तोही हजेरीवर. मंत्र्यांना हजेरी लावावी लागत नाही, त्यामुळं त्यांची हजेरी कुठल्याच तक्त्यात नसते. हजेरीचा आकडा बघितला की मला आयर्विन पुलाखालची फुटांची पट्टी आठवते. पावसाळ्यात सगळी सांगली त्या पट्टीकडं बघून जगते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. लहान पोरालाही पाठ असतं. पण पट्टी सांगते ती पाण्याची उंची. ते कोयनेतून किती सोडलंय, वारणेचं किती मिसळलंय, खाली अलमट्टीचा फुगवटा किती मागं आलाय, हे पट्टीवर लिहिलेलं नसतं. त्यासाठी फोन फिरवावे लागतात. आमचे व्याही तिथंच कामाला येतात. कोयनेचे दरवाजे किती फूट उघडले ते साताऱ्याकडच्या माणसाला आमच्याआधी कळतं.

चर्चेचा रकाना त्याहून फसवा. फोनवर फिरणारी दीड मिनिटाची चित्रफीत, मागं ढोलताशा लावलेली, ती बहुतेक शून्य प्रहरातली असते. सदस्यानं उठून आपल्या भागातला एक विषय मांडायचा, सरकारनं लगेच उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तक्त्यात तीही एक चर्चा आणि अर्थसंकल्पावर पाऊण तास आकड्यांशी झुंजणारं भाषण तेही एक. वेळ संपत आली की लिहून आणलेलं भाषण सभापटलावर ठेवायची मुभाही मिळते. मग ते न बोललेलं भाषण वृत्तान्तात छापून येतं. आमच्याकडं याला उचल म्हणतात, माल यायच्या आधी घेतलेली. आणि स्थायी समित्यांत जे खरं घासाघीस करून काम चालतं, ते दारं लावून. तिथं कॅमेरा नाही, त्यामुळं चित्रफीत नाही, त्यामुळं गल्लीत कुणाला त्याचा पत्ता नाही.

मंत्री झालेला खासदार तर या वहीत दिवाळखोर दिसतो. तो प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. जमेची बाजू सगळी नावे पडते. यशवंतराव चव्हाण साताऱ्याचे खासदार असताना गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, सगळं झाले. आजच्या तक्त्यात घातले तर प्रश्न शून्य. आणि मताचा रकाना घ्या. १९७९च्या जुलैत विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडला. जनता पक्षात अशी गळती लागली की १५ जुलैला मोरारजींनी राजीनामाच दिला. ठरावावर मतदान झालंच नाही. सरकार गेलं आणि रकान्यात लिहायला काही नाही! त्या दिवसासाठी माझ्याकडं 'आ.' सुद्धा नाही.

त्यांच्याही आधी, १९५७ला साताऱ्यानं क्रांतिसिंह नाना पाटलांना पाठवलं होतं. लोकसभेत पहिल्यांदा मराठीतून बोलले ते नानाच, असं आमच्या भागात अजून अभिमानानं सांगतात. त्यांचं येडे मच्छिंद्र वाळवा तालुक्यात. तेव्हाचं पत्री सरकारचं सातारा आणि आताच्या मतदारसंघांचे नकाशे यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही. जिल्हा सांगली, पण वाळवा-शिराळ्याचा खासदार हातकणंगल्याचा. जिल्हा सातारा, पण माण-फलटणचा खासदार माढ्याचा. माझी बहीण वाळव्यात, मेहुणी म्हसवडात, लेक साताऱ्यात, मी सांगलीत. एका कुटुंबाला चार खासदार पुरतात. बहिणीला वही दाखवली तर म्हणाली, "हा माझा न्हवंच, माझ्या खासदाराचं पान काढ की." काढलं असतं, पण हात एकच आहे.

उरला प्रश्नांचा रकाना. खरं सांगायचं तर सुरुवातीला मी त्याला सगळ्यात हलका समजत होतो. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात, मंत्री उभे राहून उत्तर देतात, वर उपप्रश्न येतात. त्यातले पाच-सहा झाले की तास संपतो. अतारांकित २३०, त्यांची उत्तरं नुसती लेखी. सदस्यानं किमान १५ दिवस आधी सूचना द्यायची, मग सोडत निघते. म्हणजे नाव लागणं हा नशिबाचाही भाग. आणि एकाच मजकुराच्या प्रश्नाखाली कधी पाच-पाच, सहा-सहा खासदारांची नावं एकत्र असतात. तक्त्यात प्रत्येकाच्या खात्यावर तो एक पडतो. व्याह्यांच्या मोबाइलवरच्या शेकड्यांतले किती असे भागीदारीतले असतील, ते आता मला थोडंफार कळतं.

पण मोजणी सोडून उत्तरं वाचायला लागलो आणि दुपारच्या दुपारी त्यात गेल्या. अतारांकित प्रश्नाचं उत्तर हे पान-दीड पानाचं, रुक्ष, दोन भाषांत. सुरुवातीला क, ख, ग, घ. बऱ्याचदा सगळ्यांचं मिळून एकच उत्तर. पण त्याच्या खाली जोडलेली परिशिष्टं बघावीत. कुठल्या योजनेचा कुठल्या राज्याला किती पैसा गेला, किती पदं रिकामी, किती किलोमीटर काम झालं. वर्तमानपत्रात येत नाहीत असे आकडे, आणि प्रत्येकाला बाप, कारण खाली मंत्रालयाचं नाव. पक्षादेश चालत नाही असं खासदाराचं हे एक काम. प्रश्न विचारायला पक्षाची परवानगी लागत नाही. मला तरी वाटतं, माणूस बघायचा तर इथं बघावा, कशाबद्दल विचारतो आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारतो का.

टाळाटाळीच्या तऱ्हाही मग ओळखीच्या होतात. पाण्याबद्दल विचारलं की बहुधा पहिली ओळ ठरलेली: पाणी हा राज्याचा विषय आहे. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायचा विषय काढा, लवाद आणि सर्वोच्च न्यायालय येतं. ते खोटं नाही. पण ज्याच्या घरात २००५, २०१९ आणि २०२१ला पाणी शिरलं त्याला ते वाचून काय वाटत असेल! हळदीचं आणखी वेगळं. राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना ऑक्टोबर २०२३ची, मंडळ सुरू झालं जानेवारी २०२५ला, आणि मुख्यालय तेलंगणात, निजामाबादला. यार्डात यावर कुणी फार बोलत नाही, नुसतं 'हं' म्हणतात आणि विषय बदलतात. मी मात्र त्या मंडळावरचं जे उत्तर दिसेल ते उतरवून घेतो. पेढीवरची पोरं विचारतात, काका, सांगलीचं नाव आलं का त्यात?

आणि एक वाक्य आहे, ते आलं की मी पेन्सिल उचलतो. 'माहिती गोळा केली जात असून ती सभापटलावर ठेवण्यात येईल.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो. ही तर उधारी. मग कळलं की ती खरोखरच उधारी धरली जाते. या वाक्याला सरकारनं दिलेलं आश्वासन समजतात, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि न झालेल्या आश्वासनांचा तगादा लावायला लोकसभेची आश्वासन समिती आहे. म्हणजे दिल्लीत कुणीतरी थकबाकीची वही ठेवतंय. हे मला माहीत नव्हतं, तुम्हाला असेल. तेव्हापासून मीही वहीच्या शेवटून पानं उलटी धरून नवं खातं उघडलं. वर लिहिलं: येणे. आपल्या भागाशी लागू असा प्रश्न, उत्तराची तारीख, पुढं तीन महिन्यांनंतरची तारीख पेन्सिलनं. तारीख उलटली की शाईनं.

यंदाच्या भाऊबीजेला व्याही परत आले. पेढे होतेच. फराळ झाल्यावर म्हणाले, "काय झालं वहीचं? का गुंडाळली?" मी आणून दिली. मास्तरांनी पान चाळलं, मताच्या रकान्याशी थांबले, चष्मा वर केला.

"हे काय लिवलंय? बाराखडी?"

सांगितलं. हसले, मग आपोआप मोजायला लागले, किती 'आ' आणि मधे किती नावं. मोजून झालं ते बोलले नाहीत. वही उलटी करून मागची पानं काढली. बराच वेळ वाचत बसले. तेवढ्यात हिनं चहा आणला, तो निवला.

"हे सगळं येणं?"

"होय."

"वसूल किती?"

"एक."

"आन् बाकीचं?"

पान भरलं होतं. मी तळाची ओळ दाखवली, तिथं बेरीज करून ठेवली होती आणि शेजारी नेहमीच्या सवयीनं लिहिलं होतं: बाकी पुढील पानावर.